शालनचा चौथा दिवस

शालन माहेरी आली त्याला अकरा वर्षं झाली, तरी तिचा अजून चौथाच दिवस चालू होता. घरातलं बाकी सगळं पुढं गेलं. भाऊ टकला झाला, अंगणातला शेवगा पडला, गल्लीत गटार झालं, गटारावर फरशा बसल्या. शालनचा मात्र गुरुवारच. सकाळी न्हाऊन घातलेली तिची वेणी अकरा वर्षं ओली होती. एक घोट घेऊन खाली ठेवलेला तिचा चहा अजून वाफाळत होता. तो कुणी पीत नव्हतं, ओतूनही देत नव्हतं. कपबशी उचलायची, खालची फरशी पुसायची, परत ठेवायची. घराला त्याची सवय झाली होती.

याला कारण शालनची आई, हौसाक्का. शालन बॅग घेऊन आली त्याच्या चौथ्या दिवशी शेजारच्या विमलकाकूनं कुंपणावरून विचारलं, "लेक आलीय व्हय? किती दिवस?" हौसाक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चार दिवसांसाठी आलीय. जावई येतील की न्यायला."

जावई येणार नव्हते. शालननं उंबरा ओलांडतानाच सांगितलं होतं, मी आता परत जायची नाही. पण हौसाक्काच्या तोंडून गेलेला शब्द म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. शब्द पडला आणि दिवस तिथंच अडला. तेव्हापासून विमलकाकू रोज सकाळी कुंपणाशी यायची आणि पहिल्यांदाच विचारल्यासारखं विचारायची, "लेक आलीय व्हय? किती दिवस?" हौसाक्का रोज तेच सांगायची. एखाद्या सकाळी वेगळं सांगता आलं असतं. चार हजार सकाळी होत्या.

हौसाक्का गावच्या वाचनालयात कामाला होती. शिक्षण दुसरी. सही यायची, आकडे यायचे. बाकीच्या अक्षरांशी नुसती तोंडओळख, समोर आली की मान डोलवायची, नाव विचारायचं नाही. पण हे कुणाला कळायची सोय नव्हती. कुणी वाचकानं पुस्तक पुढं करून "हे काय आहे हो?" म्हटलं की हौसाक्का म्हणायची, "तुझ्या डोळ्यांत काय फूल पडलंय?" आणि तो आपला मुकाट्यानं स्वतः वाचायचा.

खळ मात्र तिच्यासारखी कुणी लावू शकत नव्हतं. नवी पुस्तकं आली की ग्रंथपाल मुजावर सर यादीशी ताडून एकेकाची कच्ची नोंद करायचे. म्हणजे चिठ्ठीवर पेन्सिलीनं नाव आणि आकडा. हौसाक्का ती चिठ्ठी पुस्तकाला चिकटवायची आणि शिक्के मारायची. एक पहिल्या पानावर, एक आतल्या गुप्त पानावर, चोरानं पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं म्हणून. इथलं गुप्त पान सत्तेचाळिसावं, हे साऱ्या गावात या दोघांनाच ठाऊक. मग सवडीनं सर मोठ्या दाखल वहीत शाईनं पक्की नोंद करायचे, आणि तेव्हाच पुस्तक कपाटात बसायचं. तोवर टेबलावर.

सोमवारी दोनशे बारा पुस्तकं आली. हौसाक्कानं पहिलं घेतलं, सत्तेचाळिसावं पान उघडलं, शिक्का उचलला, तर ते पान तिच्याच आवाजात म्हणालं, "चार दिवसांसाठी आलीय. जावई येतील की न्यायला."

तिनं शिक्का मारला. शिक्क्याखालून ते परत म्हणालं, फडकं तोंडावर धरल्यासारखं. दुसरं पुस्तक उघडलं, तेही तेच म्हणालं. शेतीचं पुस्तक होतं, कांद्याचं चित्र होतं, पण सत्तेचाळिसाव्या पानावर हौसाक्का होती. दुपारपर्यंत तिनं नव्वद पुस्तकांना शिक्के मारले आणि नव्वदांनी तेच सांगितलं. पलीकडच्या बाकावर पाच पेन्शनर पेपर वाचत बसलेले. कुणी वर बघितलं नाही. पानंही उलटली नाहीत कुणी.

हौसाक्का सरांच्या टेबलाशी गेली. "सर, पुस्तकं बोलायला लागलीत."

मुजावर सरांनी चष्मा काढून पुसला. "कच्ची नोंद फार जुनी झाली की बोलते. कुणाची आहे?"

"माझी."

"नाव?"

"शालन."

सरांनी खण ओढला. आत एकच चिठ्ठी होती, पेन्सिलीची, कडेनं पिवळी पडलेली. "अकरा वर्षं," ते म्हणाले. "मी मागंच विचारणार होतो, हौसाक्का. पण तुमच्या तोंडाला कोण लागणार?"

"मग आता?"

"शनिवारी टेम्पो येतो. ज्याची नोंद कच्ची ते परत जातं."

"कुठं परत?"

"जिथून आलं तिथं."

हौसाक्काच्या हाताला खळ लागलेली होती, ती तशीच वाळली. शालन जिथून आली ते घर कृष्णेच्या पलीकडं होतं. त्या घरात परत घालायची म्हणजे काय, हे तिला शालननं कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"पक्की करून टाका की मग सर. तुमचं अक्षर मोत्यासारखं."

"कच्ची नोंद ज्याच्या तोंडून झाली त्यानंच पक्की करायची. मी लिहिलं तर ती माझ्या घरी दाखल होईल. आमच्याकडं आधीच सहाजणं आहेत, आणि एकच पंखा."

मंगळवारपासून वाचनालयाची खोली आकसायला लागली. रोज हातभर. बाक सरकत टेबलाशी आला. बुधवारी पेन्शनरांचे गुडघे हौसाक्काच्या गुडघ्यांना लागले. त्यांत दगडू सुतार अगदी समोर. या दगडूची मुलगी रत्ना शालन यायच्या आदल्या वर्षी नवऱ्याकडून परत आली होती, तेव्हा भर नळावर हौसाक्का म्हणाली होती, "पत्ता चुकलेलं पार्सल परत आलंय सुताराकडं." बायका हसल्या होत्या. रत्ना पुढं कोल्हापूरला गेली, तिकडंच शिवणकाम करते म्हणतात. दगडू कधी काही बोलला नाही. आता त्याचा पेपर हौसाक्काच्या नाकापासून वीतभरावर होता आणि पेपराआडून त्याचा श्वास येत होता. मध्ये पुस्तकं बोलत होती.

घरी शालन फिकट होत चालली. हौसाक्कानं तिच्या गालावरून हात फिरवला तर बोटांना करडं लागलं.

"घासू नकोस, आई," शालन म्हणाली. "पेन्सिलीचं आहे."

तिच्या टाचा आधीच पुसट झाल्या होत्या. खाटेवर बसली तर खाट दबत नव्हती. हौसाक्कानं गोधडीची सुरकुती सरळ केली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना.

शुक्रवारी दुपारी तिनं परातीत पीठ पसरलं आणि परात शालनपुढं सरकवली. "मला लिहायला शिकव."

शालननं तिच्याकडं बघितलं. "तुला येत नाही?"

"येतं. हात बसलेला नाही."

"वाचनालयात एकवीस वर्षं..."

"शिकवतीस का परात उचलू?"

मग दोघी पिठाशी बसल्या. शालननं बोट टेकवलं. "काय लिहायचंय?"

"वहीत विचारणार की, का आली म्हणून. ते." हौसाक्का पिठाकडं बघत राहिली. "मारायचा का गं तो?"

"नाही."

"पीत होता?"

"नाही."

"सासू?"

"सासू चांगली होती. मला थालीपीठ करून घालायची."

"मग काय झालं होतं तुला?"

"मला तिथं नको होतं, आई. रोज सकाळी उठले की नको वाटायचं. दोन वर्षं थांबून बघितलं."

"एवढंच?"

"एवढंच."

मारत असता तर हौसाक्कानं गावाला वळ दाखवले असते, सासूच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या, छाती पुढं काढून नळावर गेली असती. अकरा वर्षं ती मनातल्या मनात वळ शोधत होती. "एवढंच चार माणसांत कसं लिहू गं मी?" ती म्हणाली, आणि आपण लेकीच्या अंगावर वळ नाहीत म्हणून रडतोय हे कळल्यावर तिनं पदर तोंडात कोंबला.

संध्याकाळपर्यंत तिला तीन शब्द आले. तिथं नको होतं. "अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आलंय," शालन म्हणाली.

"आईवर गेलंय," हौसाक्का म्हणाली. आपल्या आईला तर तेवढंही येत नव्हतं, हे ती बोलली नाही.

शनिवारी सकाळी विमलकाकू कुंपणाशी आली. "लेक आलीय व्हय? किती दिवस?"

हौसाक्कानं चपला घातल्या आणि शालनला घेऊन वाचनालयाची वाट धरली. विमलकाकू उत्तर मिळाल्यासारखी मान डोलवून गेली.

टेम्पो वाचनालयाच्या दारात आधीच उभा होता. ड्रायव्हरनं खोकी चढवली आणि मग शालनला एका हातानं उचलून, रिकामं खोकं ठेवावं तशी, मागं ठेवली. "हलकी आहे," तो म्हणाला. शालननं पाय जवळ घेतले आणि ओली वेणी मांडीवर धरून बसली.

आत खोली एवढी आकसली होती की हौसाक्काला आडवं होऊन शिरावं लागलं. सरांनी दाखल वही उघडून ठेवली होती. एका बाजूनं दगडू, दुसऱ्या बाजूनं बाकीचे चार, सगळ्यांचे पेपर तिच्या खांद्यांना टेकलेले. तिनं शाईचं पेन घेतलं. नावाच्या रकान्यात शालन लिहिलं. हे नाव तिला येत होतं, रेशनकार्डावर बघून बघून, चित्र काढल्यासारखं. त्यातली अक्षरं सुटी ओळखू येत नव्हती. पुढच्या रकान्यात स्वतःची सही केली. शेवटचा रकाना राहिला. तिनं तीन शब्द मनात धरले आणि पेन टेकवणार तोच सर म्हणाले, "काय लिहिताय?"

"का आली ते."

"ते वही विचारत नाही."

"मग हा रकाना कशाचा?"

"उशिराचं कारण," सर म्हणाले. "अकरा वर्षं कच्ची का ठेवली. हे तुमच्यापुरतं आहे, तिच्यापुरतं नाही."

शिकलेले तीन शब्द इथं चालणार नव्हते. हौसाक्काच्या जिभेवर दहा कारणं तयार होती, सगळी धडधाकट. आजारपण, पोराचं लग्न, सवड नव्हती. पण खोटं बोलायला अक्षरं लागत नाहीत, लिहायचं म्हटलं तर खोट्यालाही लागतात. आणि खरं कारण एकच शब्दाचं होतं. तो शब्द तिनं आयुष्यात दुसऱ्यांना इतका वाटला होता, की त्याची अक्षरं कशी असतात ते बघायची वेळच आली नव्हती.

बाहेर ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं.

पुस्तकं गप्प झाली. दोनशे बाराही. हौसाक्कानं मोठ्यानं विचारलं, "लाज कसं लिहायचं?"

पाच पेपर एकाच वेळी थांबले. इतका वेळ ते हलत होते हे तेव्हा कळलं. तिला वाटलं कुणीतरी हसेल, आणि हसलं तर बरं होईल. कुणी हसलं नाही. खोली आणखी वीतभर जवळ आली, दगडूच्या पेपराची घडी तिच्या गालाला लागली, आणि पेपराआडून दगडूचा आवाज आला.

"आधी ल."

"कसा असतो तो?"

"लसणीची गड्डी आडवी कापल्यागत. दोन पाकळ्या." तो थांबला. "काना दे त्याला. मोठा दे. लाज वाटताना तू कधी हात आखडला नाहीस."

हौसाक्कानं ल काढला. काना दिला. बाहेर टेम्पोच्या फळ्या करकरल्या. ड्रायव्हर काहीतरी ओरडला.

"आता ज. उजव्या बाजूला दांडी, डावीकडं शेपटी."

तिनं ज काढला. शेपटी लांबली, रेघेखाली गेली, तरी तो ज होता. खिडकीतून दिसत होतं, टेम्पोचा मागचा भाग एका अंगाला खाली बसला होता आणि शालन फळ्या धरून स्वतःच्या पायांकडं बघत होती. तिच्या टाचा दिसत होत्या. भेगांसकट.

"झालं?" हौसाक्का म्हणाली. तिचा पदर घामानं भिजला होता.

मुजावर सरांनी वही स्वतःकडं वळवली, वाचली आणि पुन्हा तिच्याकडं फिरवली. "कुणाची?"

"काय कुणाची?"

"लाज. नुसती चालत नाही. कुणाची वाटली ते लिहावं लागतं. तिची की तुमची."

दगडूनं पेपर खाली घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला, आणि तो उत्तराची वाट बघत होता. बाकीच्या चौघांनीही पेपर खाली घेतले. हौसाक्कानं पेन रकान्यावर धरलं. निबेच्या टोकाला शाईचा थेंब जमा झाला, फुगला, पण पडला नाही. बाहेर ड्रायव्हरनं गियर टाकला. टेम्पो हलला नाही. त्याचं मागचं चाक शालनच्या वजनानं मुरमात रुतलं होतं आणि जागच्या जागी फिरत होतं, जोरजोरात, आणि खडे वाचनालयाच्या भिंतीवर येऊन आपटत होते.