करंट बंद केल्यावर

केरू काहीतरी लपवतोय, असं वैष्णवीला पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं.

पिंपळगाव बसवंतच्या त्या पॅकहाऊसमध्ये ती सुपरवायझर होती. बाहेरदेशी जाणाऱ्या द्राक्षांत टाचणीसुद्धा जायला नको, म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरून मेटल डिटेक्टर फिरवायचे. केरू वजनकाट्यावर नवीनच लागलेला, पंचेचाळिशीचा माणूस. डिटेक्टर छातीशी आला की तो मागे सरकायचा.

"काय आहे आत, केरूभाऊ?"

"काय नाय, ताई. ताईत हाय देवाचा."

ताईत एवढा मोठा? शर्टातून तिला काडेपेटीहून मोठा उंचवटा दिसला होता. त्याच महिन्यात दोन बायकांचे मोबाइल गेले होते. शेवटी एका सकाळी तिने बजावलं, "संध्याकाळी शेठसमोर शर्ट काढून दाखवायचा."

दुपारी केरू काट्यावर क्रेट ठेवत होता. एकदम ओरडला, पाठीत कुणी लाथ घालावी तसा उडाला आणि खाली बसला. शेजारच्या नाथाने त्याचा दंड धरला. तेवढ्यात केरूचं अंग पुन्हा हिसकलं आणि नाथाने हात झटकला.

"करंट हाय! काट्यात करंट उतरलाय! हात लावू नका कुणी!"

कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला. पट्टा थांबला, पंखे थांबले. केरू फरशीवर आडवा झाला होता. सोंग तर नाही? वैष्णवीच्या मनात आलं. संध्याकाळची झडती चुकवायला?

मग सगळी वीज बंद असताना केरूचं अंग तिसऱ्यांदा उडालं.

वैष्णवी पुढे झाली. हाका मारल्या, खांदे हलवले, उत्तर नाही. श्वास चालत नव्हता, मधूनच नुसती उचकीसारखी धाप. तिने शर्ट उघडला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली शिवणीचा व्रण आणि कातडीच्या आत बसवलेली चपटी डबी. खिशात हॉस्पिटलचं कार्ड होतं. हृदयाचे ठोके बिघडले तर आतून शॉक देणारं यंत्र, असं त्यावर लिहिलेलं.

तिने एकशे आठला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"यंत्र आहे त्यांच्यात. ते करेल ना?"

"त्याच्या भरवशावर थांबू नका," पलीकडून डॉक्टर म्हणाले. "श्वास नाही ना? मग छातीच्या मधोमध जोरात, भराभर दाबा. यंत्राने झटका दिला तर हाताला झिणझिण्या येतील, तुम्हाला धोका नाही. थांबू नका."

ती दाबत राहिली. एकदा कोपरापर्यंत मुंग्या गेल्या, हात आपोआप वर आले. तिने ते पुन्हा खाली ठेवले. थोड्या वेळाने दंड भरून आले.

"नाथा, ये इकडे!"

"ताई, पण करंट…"

"मेन बंद आहे. हा करंट त्यांच्या आतला आहे. ये म्हणते ना!"

नाथा आला. दोघांनी आळीपाळीने दाबलं. बारा मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या डॉक्टरने शॉकच्या मशीनची एक पट्टी डबीपासून चार बोटं लांब चिकटवली, दुसरी काखेखाली, सगळ्यांना मागे सारून मोठा शॉक दिला. नाडी लागली.

पाचव्या दिवशी वैष्णवी नाशिकच्या दवाखान्यात गेली. केरूने आधी दाराकडे पाहिलं, तिच्याबरोबर कोण आलंय ते.

"शेठला सांगितलं?"

"सगळ्यांनी पाहिलंय, केरूभाऊ."

"आधीच्या कंपनीत खरं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी गेटातूनच परत लावलं." त्याने चादर छातीवर ओढून घेतली. "मला वाटायचं, तुम्हाला कळलंय. मला काढायलाच तुम्ही नजर ठेवताय."

"मी तुम्हाला चोर समजत होते," ती म्हणाली. तिला वर बघवेना.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, यंत्र तपासून दिलं, बसून काम चालेल असं लिहून दिलं. ते पत्र घेऊन वैष्णवी स्वतः शेठकडे गेली. तो दोन दिवस टाळत राहिला, तिसऱ्या दिवशी हो म्हणाला.

दीड महिन्याने केरू परतला. पहिल्या पाळीला त्याने सगळ्यांना जवळ बोलावलं.

"मी पडलो अन् हाक मारून उठलो नाय, तर लांब उभं राहायचं नाय. फोन लावायचा अन् छाती दाबायची."

"अन् उठलात तर?" मागून एकीने विचारलं.

"तर पाणी द्या," केरू म्हणाला, "अन् मी कितीबी नाय म्हणलो तरी दवाखान्यात न्या."