दीड वजा

मी एक जुना काटा आहे. पायात रुततो तो नव्हे, मित्रांनो, धान्य जोखतो तो. वडिवळे गावात धम्मदीपच्या घराच्या पडवीत मी तुळईला टांगलेला आहे. पोटात स्प्रिंग, तोंडावर गोल तबकडी आणि खाली लोखंडी हूक, एवढाच माझा संसार. हुकाला ओझं अडकवलं की सुई फिरते आणि मी वजन सांगतो. माणसं माझ्यावर विश्वास ठेवतात. त्या विश्वासापायी माझ्या हातून एक मोठं पाप घडता घडता राहिलं, ते सांगायला आज तोंड उघडलं आहे.

माझ्या कामाची वर्षं कामशेतच्या एका भातगिरणीत गेली. दिवाळी सरली की मावळातल्या गावागावांतून भाताची पोती गिरणीत यायची. रतन नावाचा हमाल ती पाठीवरून आणून माझ्या हुकाला लावायचा. पहिल्या पोत्याला तो 'एक' कधीच म्हणाला नाही. धान्य मोजताना 'एक' म्हणू नये, 'लाभ' म्हणावं, ही जुनी रीत. लाभ, दोन, तीन असं त्याचं मोजणं चालायचं.

एका हंगामात भरल्या पोत्याने माझा हूक तुटला. लोहाराने नवा करून दिला, साखळीसकट, मनगटाएवढा जाड. तो पुन्हा कधी तुटला नाही, पण जुन्यापेक्षा दीड किलो जड होता. शून्य जुळवायचा माझा स्क्रू तर गंजून घट्ट बसलेला. तेव्हापासून मी प्रत्येक वजन दीड किलो जास्त सांगू लागलो. रतनने त्यावर साधा उपाय काढला. रोज सकाळी पहिलं पोतं चढवण्याआधी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "दीड वजा!" मग लिहिणारा दीड वजा करून लिहायचा, शेतकरीही मनातल्या मनात तसंच करायचा. त्या काळात माझ्या वजनावरून गिरणीत कधी भांडण झालं नाही. मला त्याचा अभिमान होता, आणि आजही आहे.

रतनची बायको शकुबाई त्याच गिरणीत तांदूळ पाखडायची. त्यांचा मुलगा धम्मदीप मात्र गिरणीच्या दारात कधी आला नाही. रतननेच येऊ दिलं नाही. एकदा पोरगं डबा घेऊन आलं, तर त्याने त्याला रस्त्यावरूनच परत पाठवलं. "तुज्या पाठीवर पोतं चडू देनार न्हाई. शाळंत जा," म्हणाला. धम्मदीप शिकला, तळेगावला कारखान्यात लागला. पण त्यामुळेच गिरणीतला तो रोजचा पुकारा त्याच्या कानावर कधी पडला नाही.

पुढे गिरणीत बटणांचा काटा आला आणि मी कोपऱ्यात गेलो. रतन काम सोडताना मला मागून घरी घेऊन आला. तो होता तोवर दर महिन्याला तेलाचं बोट फिरवायचा. तो गेल्यावर माझ्याकडे कोण बघणार? माझ्या हुकाला कांद्याची जाळी लागली, छत्री लागली, ओला रेनकोट लागला. तबकडीत दमट हवा शिरली आणि शून्यापासून पाचपर्यंतचे आकडे पुसून गेले. रिकामा असताना माझी सुई कुठे उभी असते, हे आता कुणालाच दिसत नाही.

अशात धम्मदीपची मुलगी तेजल जर्मनीला निघाली. नर्सिंगच्या शिक्षणासाठी, तीन वर्षं. सहा महिने घरात तीच एक गडबड होती. कागदांची फाइल रोज उघडायची, रोज बंद व्हायची. ती झाडलोट करताना जर्मन आकडे घोकायची, 'आइन, त्स्वाय, द्राय'. शकुबाई पडवीतल्या चुलीपाशी बसून विचारायची, "त्यांच्यात लाभ न्हाई व्हय गं?" तेजल हसायची. म्हातारीही हसायची, पण नात दाराबाहेर गेली की तिचं हसू मावळायचं. वय झालेलं. तीन वर्षं म्हणजे किती, हे ती बोटांवर मोजून बघायची आणि बोटं मिटून घ्यायची.

निघायच्या आदल्या दुपारी बापलेकीने मोठी बॅग माझ्या हुकाला लावली. विमानात तेवीस किलोच चालणार होतं. बॅगेत थंडीचे कपडे होते, पुस्तकं होती, मसाला होता आणि शकुबाईचा बिडाचा तवा होता. याच तव्यावर तिने चाळीस वर्षं तांदळाच्या भाकरी भाजल्या. तेजल आठ वर्षांची असताना पहिली भाकरी शिकली ती याच्यावर. म्हातारीने आपल्या हाताने तो जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला होता.

मी साडेचोवीस दाखवलं.

"दीड किलो जास्त होतंय," धम्मदीप म्हणाला.

तेजलने बरंच काही काढून पाहिलं, परत ठेवलं. पुस्तकं लागणारच होती, कोट लागणारच होता. शेवटी तिने तवा काढला. मी बरोबर तेवीस दाखवलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, दीड वजा करा, ते ओझं माझ्या हुकाचं आहे. पण काट्याला सुई असते, जीभ नसते.

शकुबाई तेव्हा मागच्या अंगणात होती. आत येऊन पाहते तर तवा भिंतीला टेकवलेला.

"आजी, बसत नाही गं," तेजल खाली बघत म्हणाली.

"ऱ्हाऊ दे की," शकुबाई म्हणाली. एवढंच. तिने लुगडं सोडून घडी घातली आणि तवा चुलीपाशी नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात मेणबत्ती लावून सगळ्यांनी वंदना म्हटली. मग शकुबाईने त्याच तव्यावर वाटेच्या भाकरी केल्या. लाभ, दोन, तीन मोजून फडक्यात बांधल्या. मुंबईला न्यायची गाडी दारात आली. शेजारचे अंबाजीआबा निरोप द्यायला आले. सारी उमर त्यांनी रतनसोबत गिरणीत भाताची पोती उचललेली. त्यांनी बॅग एका हाताने उचलली आणि थांबले.

"किती भरली ही?"

"बरोबर तेवीस, आबा," तेजल म्हणाली.

"तेवीस न्हाई ही. साडेएकवीस आसंल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रतनभाऊच्या काट्यावर केली का? मग दीड वजा केलं का न्हाई?"

"दीड वजा म्हणजे?" धम्मदीपने विचारलं.

शकुबाई भाकरी घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा पडला.

"म्हंजी तू तवा वजनापायी काढलास?" ती नातीला म्हणाली.

"हो. मग तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, काळा तवा हाय. तिकडं चार लोकांत काढायला लाज वाटत आसंल तुला."

तेजल चुलीकडे धावली. तवा अजून तापलेला होता. धम्मदीपने तांब्या उचलला, तर शकुबाईने त्याचा हात धरला. तापल्या बिडावर पाणी पडलं की तवा तडकतो. तो आपोआप निवायला हवा होता. घाटात गाड्या तुंबतात म्हणून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. आजी आणि नात तव्यापाशी बसून राहिल्या. म्हातारी पदराने वारा घालत होती आणि तेजल तिच्या खांद्याला टेकून रडत होती. दोघींना आदल्या दुपारपासून जे बोलता आलं नव्हतं, ते त्या पाऊण तासात बोलून झालं.

तवा लुगड्यात बांधून बॅगेत गेला. निघण्याआधी तेजल स्टुलावर चढली आणि माझ्या तबकडीवर लाल नेलपॉलिशने लिहून गेली, 'दीड वजा'.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काही जुनं असेल. त्याला महिन्याकाठी तेलाचं बोट लावा. पण त्याआधी त्याची खोड काय आहे, ते जाणत्या माणसाला विचारून घ्या, आणि ते माणूस आहे तोवरच कुठेतरी लिहून ठेवा. अंबाजीआबा त्या सकाळी पाच मिनिटं उशिरा आले असते, तर गाडी निघून गेली असती. नातीला आपल्या तव्याची लाज वाटली, हे मनात धरून शकुबाई रोज त्याच तव्यावर भाकरी भाजत राहिली असती. तिने कुणाला विचारलं नसतं. आणि मी तिच्या डोक्यावर तसाच टांगलेला असतो, सगळं माहीत असून.