कोठीतली दिवड

कोठीत साप शिरलेला दिसला तसा लेकाने धावत येऊन बाहेरून कडी घातली. आत सापाबरोबर आपली आईही आहे, हे त्याला कडी घातल्यावर कळलं.

"आई, हलू नकोस. सर्पमित्राला फोन केलाय."

"कडी काढ आधी."

"तो घरभर फिरला तर? तुझी सून घाबरलीय."

"आणि मी काय रिकामा डबा आहे, कोठीत ठेवून द्यायला?"

आत अक्का पालथ्या बादलीवर टेकल्या. पोत्याआडून दिवड डोकावली. अंगावर काळ्या चौकटी, डोळ्याखाली काळ्या रेघा. चावरी जात, पण विष नाही. लहानपणी कालव्याकाठी अक्कांनी आणि थोरल्या भावाने अशा कितीतरी धरल्या होत्या. डोक्यामागे अंगठा दाबायचा, धड दुसऱ्या हातावर घ्यायचं. घरी आणून पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या, झाकणाला खिळ्याने भोकं पाडायची. पहिले काही दिवस डबा आतून खरखरत राहायचा. बेडूक टाकला तरी ती तोंड लावायची नाही. खरखर थांबली की भाऊ ऐटीत म्हणायचा, "रुळली बघ." झाकण काढावं तर नाकाडाची सालटं निघालेली. तरी दोघं पुढची धरायला निघायचीच.

परवा लेक फोनवर मामाला सांगत होता, "आई रुळली आता इथे." गुडघा सुजला म्हणून त्यांना त्यांच्या घरून चार दिवसांसाठी इथे आणलं, त्याला वर्ष होत आलं. कामावर जाताना नवराबायको बाहेरून कुलूप लावत, काळजीपोटी. अक्का भांडून भांडून दमल्या आणि गप्प झाल्या. उद्या त्यांच्या घराची किल्ली भाडेकरूच्या हातात जाणार होती.

बाहेर सर्पमित्राचा आवाज आला. "आजी, पाय वर घ्या. दार उघडतो."

अक्कांनी उठून आतली कडी सरकवली.

"आई, हे काय आता?"

"माझ्या घराची किल्ली आण. दाराखालून सरकव."

"आधी साप तर पकडू दे."

"तिची मला घाई नाही."

"द्या हो," सूनबाई रडकुंडीला आली. "चावला म्हणजे?"

सर्पमित्र म्हणाला, "साहेब, मला अजून एका घरी जायचंय."

बाहेर बराच वेळ कुजबुज चालली. मग दाराखालून किल्ली आत आली. अक्कांनी ती उचलली, बोटांनी चाचपली आणि आल्या वाटेने परत सारली.

"ही मागच्या दाराची. माझ्या घरात मी मागच्या दाराने कधी शिरले नाही. पुढच्या दाराची आण."