घरची सहा मतं

हळद... अंगठ्याच्या नखात अडकलेली, पिवळीधमक, आणि त्या अंगठ्याच्या आधारावर तोललेली चहाची बशी. किशनराव फुरका मारत होते आणि चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या अयोध्याची नजर नवऱ्याच्या त्या नखावरून हलत नव्हती. घरात लग्न नाही, कार्य नाही, हळद कुणी कांडलेली नाही – म्हणजे हा खंडोबाच्या देवळातला भंडारा. म्हणजे काल सांजेला साहेबरावानं गावातले बाप्ये देवासमोर बसवले, आणि यांनी बेलभंडारा हातात घेऊन शपथ वाहिली.

"उचलला की," किशनराव म्हणाले, जणू सोयाबीनचं पोतं उचललं. "घरची सहा मतं. कपबशीला."

सहा. ते स्वतः, दोन लेक, दोन सुना, आणि... सहावी इथं बसली होती, पिठात मनगटापर्यंत. सरपंचाची जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा साहेबरावानं बायकोला उभं केलं, कपबशी चिन्हावर. फलकावर मिशांसकट तो स्वतः, आणि कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढी, ती. देवणीच्या बैलबाजारात नाही का – रुमालाखाली दोघांची बोटं बोटांना लागतात, भाव ठरतो, आणि बैल आपला बाजूला उभा राहून रवंथ करत असतो. पण बैलाचे निदान दात तरी बघतात!

आणि भंडारा काही साधासुधा नव्हे. मागल्या खेपेला सटवाजीनं शपथ मोडली, तर त्याच्या म्हशीनं आठ दिवस पिवळं दूध दिलं, नवव्या दिवशी लोण्याला हळद लागली – अख्खं गाव बघून आलं म्हणतात. बघितलेला माणूस एक सापडत नाही, ते सोडा. अयोध्याही आजवर त्या दुधाला भीत आली होती. आज मात्र तिला भलतंच आठवलं... त्या आठ दिवसांत उपास कुणी धरले? सटवाजीच्या बायकोनं. देवळापर्यंत लोटांगण कुणी घातलं? तिनंच. उचलली बाप्यानं, मोडली बाप्यानं, आणि गुडघे सोलले बाईचे.

ओसरीवर नात सृष्टी मोठ्यानं पाठ करत होती, "पूर्वी स्त्रियांना मताधिकार नव्हता, त्याची कारणे. एक, स्त्रियांना राज्यकारभार समजत नाही असे मानले जाई. दोन, घर मोडेल अशी भीती होती. तीन, स्त्री नवऱ्याच्याच सांगण्यावरून मत देईल, म्हणजे एका पुरुषाला दोन मते मिळतील..."

"कोण म्हणत होतं गं असं?"

"बाप्ये, आजी. विलायतेतले. आपल्याकडचे बी."

"आन् मग दिला का न्हाई?"

"दिला की! लई भांडल्या बाया, तवा."

दिला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचा हात उलथण्याकडं गेला नाही. एकाला दोन मिळतील म्हणून जीव खात होते म्हणे मेले... यांना तर सहा मिळाली! कुणाचं काही अडलं नाही, कुणी हरकत घेतली नाही, घरही मोडलं नाही – तेच, तेच तर. घर मोडू नये म्हणून मी...

पहिल्या मतदानाला यांनी तिच्या तळहातावर कोळशानं चिन्ह काढून दिलं होतं. घामानं पुसू नये म्हणून ती शाळेपर्यंत मूठ आवळून गेली होती, कडेवर पोरगं, एका हातानं पदर सावरत. आणि – हे आठवून आता कानशिलं तापली – किती कौतुक वाटलं होतं मला! चारचौघांत नवऱ्यानं हात धरला म्हणून. चाळीस वर्षं ती मूठ तशीच... कोळसा कधीच गेला आणि मूठ राहिली.

साहेबरावाच्या बायकोसमोर पारूबाई उभी होती, पंखा चिन्हावर. पारूबाई, जिच्या शेजारच्या तासात अयोध्यानं वीस वर्षं खुरपण केलं. परवा बांधावर पाणी पिताना ती एवढंच म्हणाली होती, "मत कुणाला दिलंस ते कुणालाच सांगू नकोस, अयोध्या. मला बी न्हाई." मत न मागणारं पहिलं माणूस.

दुपारी मतदानाला शाळेत रांग होती. किशनराव दारापर्यंत आले, आणि कानाशी वाकून म्हणाले, "वरून दुसरं. ध्यानात हाय नव्हं?"

दर खेपेला ती "हाव" म्हणायची. आज ती पदर खोचून सरळ आत शिरली.

बोटाला शाई लागली. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. तीन बाजूंनी बंद... हा तर रुमालच की! आणि रुमालाखाली बोट एकच. समोर दुसरं बोट नाही. म्हणजे चाळीस वर्षं इथं कुणीच नव्हतं? कुणी बघतच नव्हतं? मग ते आत आले कुठून... मीच घेऊन येत होते, मुठीत धरून.

वरून दुसरं. कपबशी. त्याच्या खाली दोन घरं सोडून पंखा. पिवळं दूध तिच्या डोळ्यांपुढून ओघळलं, सृष्टीचा चेहरा दिसला, कोप व्हायचा तर कुणावर होईल... तिनं स्वतःची नखं बघितली. हळद नव्हती. ज्वारीचं पीठ होतं.

बाहेरून किशनराव खोकले. प्रत्येक मतदानाला ते याच वेळी खोकत. तिला वाटायचं, छातीत कफ आहे.

"आजी, दाबा की. मागं लाईन हाय," टेबलामागचा माणूस म्हणाला.

"थांबा."

"थांबा हो" नाही, "थांबा की" नाही. थांबा. आणि ती अगदी वरच्या चित्रापासून, एकेकावर बोट ठेवत, सावकाश, बघू लागली.

बाहेर पुन्हा खोकला आला. खोका म्हणावं... खोका.