काल डाग होता, आज नाही

घाबरू नका मित्रांनो, मला पाहून रस्ता ओलांडू नका. मी एक जुनी राखाडी हुडी आहे, मागे टोपी आणि पोटावर एकच मोठा खिसा असलेली. मँचेस्टरजवळच्या एका स्टुडिओच्या कपडेपटात मी गेली अठरा वर्षं टांगलेली आहे. लोकांना कधीकाळी माझी भीती वाटायची असं सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. पण त्या काळी आमच्या भागातल्या एका मोठ्या मॉलच्या दारावर पाटीच लावली होती, की टोपी डोक्यावर ओढून आत येऊ नये. वर्तमानपत्रात रोज कुठल्या तरी टोळक्याची बातमी असायची आणि तिच्या शेजारी माझ्याच एखाद्या भावंडाचा फोटो. चार पोरांनी दंगा केला की चारशे पोरांकडे लोक संशयानं बघायचे. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

मला कुणी शिवलं ते मला आठवत नाही. माझी पहिली आठवण आहे ती ब्रेंडा ओपनशॉ हिच्या टेबलाची. ब्रेंडा साठीला आलेली, कपडेपटाची प्रमुख. तिनं मला बाजारातून कोरी करकरीत आणली आणि त्याच दिवशी जुनी करायला घेतली. टीव्ही मालिकेतले कपडे नवे दिसून चालत नाहीत ना! तिनं माझ्या कोपरांवर पॉलिश पेपर घासला, बाह्यांच्या कडा चीजच्या खिसणीवर ओढल्या, मला थंड चहात बुडवून ठेवलं आणि छातीवर काळपट तेलकट डाग पाडला. दुखलं, पण खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. ब्रेंडाच्या हाताला तोड नव्हती.

ती हे सगळं संहितेतल्या एका ओळीवरून करत होती. ‘बेकी, वय पंधरा, मळकी हुडी, चोरटी नजर.’ झालं, एवढीच त्या मुलीची ओळख. बेकी भाजीबाजारात एका म्हातारीचं पाकीट मारते आणि पळते. सहा भागांत मिळून तिला अकरा वाक्यं होती, त्यातल्या चार शिव्या.

बेकीचं काम करायला आली शेल्बी. सोळा वर्षांची, कालव्यापलीकडच्या सरकारी घरांच्या वस्तीतली. शाळेच्या सभागृहात दोनशे मुलींमधून तिला निवडलं होतं. आयुष्यातलं पहिलंच काम, आणि तिनं जरा तोंड वर केलं असतं तर तिच्या जागी उभ्या राहायला एकशे नव्व्याण्णव जणी तयार होत्या. हे तिला पुरतं ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी बाजारातली चोरी चित्रित झाली. मग नेहमीप्रमाणे ब्रेंडानं माझा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी कपडा तस्साच दिसावा म्हणून आमच्याकडे ही पद्धत आहे. शेल्बीनं मला उतरवलं आणि नीट घडी घातली.

“हिला आई नाही का?” तिनं विचारलं.

“कुणाला गं?”

“बेकीला.”

“असेल की. संहितेत काही लिहिलेलं नाही. का गं बाळा?”

“आमच्याकडे इतकं मळकं घालून कुणी बाहेर पडत नाही. शेजारचा जॉर्डन पावसात बूट काढून पिशवीत घालतो आणि मोज्यांवर घरी येतो, बूट पांढरे राहावेत म्हणून. लोक तसेही आम्हाला नावं ठेवायला टपलेलेच. आपण आपल्या हातानं निमित्त कशाला द्या?”

ब्रेंडाचा चेहरा उतरला. तीही अशाच गल्लीत वाढलेली. तिची आई दर शुक्रवारी गुडघ्यांवर बसून दाराची पायरी दगडानं घासायची. घरात कोळसा नसला तरी पायरी लख्ख हवी, कारण गल्ली बघत असते. त्या आईची मुलगी आज दुसऱ्याच्या लेकरावर डाग पाडायला बसली होती. संध्याकाळी सगळे गेल्यावर ब्रेंडानं मला साबण लावून दोनदा हातानं धुतलं. उद्या मला फोटोसारखंच दिसायचं आहे, याचा तिला विसर पडला, की तिनं जाणूनबुजून केलं, हे मला आजही सांगता येणार नाही. तीस वर्षांत अशी चूक तिच्या हातून झाली नव्हती.

सकाळी बेकीच्या घराच्या स्वयंपाकघरात चित्रीकरण होतं. दिग्दर्शक डॉमिनिक माणूस वाईट नव्हता, पण सदा घड्याळाकडे बघणारा. त्यानं हातातला फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

“ब्रेंडा, काल डाग होता, आज नाही.”

“धुतली मी.”

“धुतली? गोष्टीत ही दुसऱ्याच दिवशीची सकाळ आहे. असल्या पोरीचे कपडे एका रात्रीत कोण धुतं?”

‘असल्या’ हा शब्द सगळ्यांनी ऐकला.

“ती स्वतः धुते,” शेल्बी म्हणाली.

मी तिच्या अंगावर होते. तिचं काळीज किती जोरात धडधडत होतं ते फक्त मला माहीत आहे.

“असं कुठं लिहिलंय?” डॉमिनिकनं विचारलं.

“लिहिलेलं नाही. पण तिची आई आजारी आहे. उठत नाही. मग शाळेतून आल्यावर हिनंच धुवायचं. खुर्चीच्या पाठीवर टाकायचं आणि खुर्ची हीटरसमोर सरकवायची. बाह्या वाळतात, खिसा नाही वाळत. सकाळी तसंच घालून जायचं. दुपारपर्यंत पोटाला गार लागतं.”

“म्हणजे तुला बेकीला चांगली मुलगी करायचंय?”

“नाही. पाकीट तिनं मारलंय, ते राहू दे. पण बाकीचंही दाखवा ना.”

ब्रेंडा रंगाची डबी घेऊन पुढे झाली. “डाग परत लावायला मला दहा मिनिटं लागतील, डॉमिनिक. तुम्ही म्हणाल तसं.” असं म्हणून ती तिथंच उभी राहिली, पण झाकण काही तिनं उघडलं नाही.

डॉमिनिकनं फोन काढला आणि लेखिकेला लावला. दुसऱ्या दिवशी गुलाबी कागदांवर चार नवी पानं आली. बदललेली पानं आमच्याकडे रंगीत कागदावर येतात.

त्या पानांत एकही संवाद नव्हता. बेकी मला सिंकमध्ये भिजवते. आधी खिशातून म्हातारीचं पाकीट काढून फळीवर ठेवते, पालथं, नजरेसमोर नको म्हणून. वरच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो. ती हात पुसते, पाव भाजते, लोणी लावते आणि बशी घेऊन जिना चढते. बस्स. मी पुढं पुष्कळ मालिकांत काम केलं, पण असं काम पुन्हा वाट्याला आलं नाही.

तो भाग नोव्हेंबरात दाखवला. पत्रांचा ढीग पडला. चोरट्यांचे लाड करता का, असंही काहींनी खडसावलं. पण बऱ्याच जणांनी लिहिलं की आमच्या गल्लीत अशी एक मुलगी आहे, आम्ही तिला उनाड समजत होतो. मालिकेला बक्षीस मिळालं, आणि डॉमिनिकनं भाषणात लेखिकेचे आभार मानले. शेल्बीचं नाव घ्यायचं राहून गेलं. याचा मला अजून राग येतो.

वसंतात शेल्बी पुढच्या भागांसाठी मापं द्यायला आली. ब्रेंडा तिच्या खांद्याला टेप लावत होती.

“शाळा काय म्हणते?”

“मिस्टर व्हिटवर्थ आहेत ना, इतिहासाचे? दोन वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकात ‘आळशी, कायम उशिरा’ लिहीत होते. तो भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्गाबाहेर थांबवलं.”

“ओरडले?”

“नाही. म्हणाले, शेल्बी, तुझ्या घरी सगळं ठीक आहे ना?”

ब्रेंडाच्या हातातली टेप तशीच राहिली. तिला तोवर वाटत होतं, की त्या सकाळी पोरीनं हुशारीनं एक गोष्ट रचली.

“मग तू काय सांगितलंस?”

“काही बोलताच येईना. रडायलाच लागले. आईला अंथरूण धरून दोन वर्षं झाली, ब्रेंडा. पहिल्यांदा विचारलं कुणीतरी.”

ब्रेंडानं टेप खाली ठेवली आणि तिला जवळ घेतलं.

मित्रांनो, आता माझी शिवण उसवली आहे, टोपीची दोरीही हरवली आहे. कपडेपटात नव्यानं आलेल्यांना मी कुठल्या मालिकेतली हेसुद्धा ठाऊक नाही. माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. कापडाचं काय, ते विरायचंच. पण तुमच्या वर्गात एखादी मुलगी रोज उशिरा येत असेल, एखादा मुलगा टोपी ओढून मागच्या बाकावर बसत असेल, तर त्यांना नावं ठेवण्याआधी घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारा. आणि लगेच उत्तर आलं नाही, तर निघून जाऊ नका. उत्तर यायला वेळ लागतो.