साठ वर्षांची झीज

स्तब्ध उभं राहून आम्हाला सव्वा मिनिट झालं होतं. खालच्या दुकानात कुणीतरी पंपाची मोटर चालवून पाहत होतं, आणि तिची घरघर फरशीतून वर येऊन तळपायांत थांबत होती. नुकतेच जिना चढून आलेले बाबाजान दाराशीच आमच्यासारखी मान खाली घालून उभे राहिले. त्यांच्या काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. मागे त्यांची नात आयेशा उभी होती.

शेवटी त्यांनीच हळूच विचारलं, "कोन गेलं, बेटा?"

"आधीचे मालक," मी कुजबुजलो.

"कशाचे?"

मी टेबलाकडे बोट केलं.

लाल मखमलीवर बास गिटार आडवी ठेवली होती. ती मंगळवारी कुरिअरने आली होती. कंपनीने पासष्ट सालचं मॉडेल पुन्हा काढलं होतं, आणि त्यासोबत त्या सालापासूनचं एक आयुष्यही कारखान्यातच घडवून दिलं होतं. कडांचा रंग उडालेला होता, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे होते आणि वरच्या टोकाशी सिगारेटचा डाग होता. सोबतच्या दाखल्यात 'साठ वर्षांच्या वादनाची झीज' असं नमूद होतं. संगमनेरच्या आमच्या मंद्र-रसिक मंडळाने तो दाखला तीन बैठकांत वाचला. साठ वर्षं वाजवणारा माणूस सुरुवातीला निदान विशीत असणार, आणि आता त्याने असं वाद्य सोडलं म्हणजे तो या जगात नाही, असा निष्कर्ष निघाला. अध्यक्ष श्रीमंत गाडेकर, ज्यांचं ते खालचं पंपांचं दुकान, म्हणाले, "मग आपल्याला काही वाटायला नको?" शोकसभेचा ठराव एकमताने मंजूर झाला. मृत्युलेख माझ्याकडे आला, कारण मी एम. ए. आहे.

'तो स्वरांच्या तळघरात राहिला,' असं मी लिहिलं होतं, 'आणि त्याच्या खिडक्यांतून फक्त मुळं दिसत.' ते वाचलं तेव्हा डॉ. रोहिणींनी चष्मा काढून डोळे पुसले होते. त्या दंतवैद्य. दात तपासायच्या छोट्या आरशाने त्यांनी वाद्याचा इंच न् इंच पाहिला होता. "हा ओरखडा बघ, ओंकार," त्या मला म्हणाल्या होत्या, "इथे त्याचं लग्न मोडलंय."

दोन मिनिटं संपली. सगळे बसले.

"मयताचं नाव काय हुतं?" बाबाजाननी विचारलं.

"ते अजून ठरलेलं नाही," श्रीमंतराव म्हणाले. "तुमचं काय काम काढलंत?"

बाबाजान कामाचंच बोलले. रंगनाथ मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात तीस वर्षं त्यांनी बास वाजवली होती. इथून थेट खर्ड्यापर्यंत, टेम्पोत ड्रमवर डोकं टेकून रात्री काढत. ऑर्केस्ट्रा बंद पडला. मग घरचा अॅम्प्लिफायर जळाला, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून वाद्य हातात होतं, पण त्याचा आवाज कानांवर आला नव्हता. अॅम्प्लिफायरशिवाय बास म्हणजे भिंतीपलीकडचं बोलणं. कुणी बोलतंय एवढंच कळतं.

"डाव्या हाताची दोन बोटं आखडून गेली. बाकीची हिवाळ्यापर्यंत टिकतील न टिकतील. तुमच्याकडं मशीन हाय. एकदा लावू द्या. हिला ऐकवायचं हाय. हिला वाटतं आमी उगा सांगतो."

"मी असं कधी म्हटलं, नाना?"

"म्हनत न्हाईस. पन ऐकताना मोबाईल बघतीस."

त्यांनी गोधडी उघडली. आतून निळा रंग बाहेर आला; तेलकट, चकचकीत, एकही चरा नसलेला. आमच्यापैकी कुणालाच त्याकडे सरळ बघवेना.

"ही तर कालची दिसते," रोहिणीताई म्हणाल्या.

"एकाहत्तरची हाय. दर खंडेनवमीला आमच्यात ड्रम, बास, टेम्पो, सगळ्याला एकाच डब्यातला रंग. मग हार. वाद्याला गेल्या सालचं तोंड ठेवायचं न्हाई, असा मास्तरांचा नियम. मास्तर गेले, तरी रंग आमी चुकवला न्हाई."

"नियम आमचाही आहे," श्रीमंतराव म्हणाले. "अॅम्प्लिफायर फक्त जुन्या वाद्यांना."

"मग ही जुनीच की."

"जुनी दिसायला पाहिजे, बाबाजान."

आयेशाने मखमलीकडे पाहिलं. "आणि ही किती वेळा लावली मशीनला?"

"एकदाही नाही. वाजवली तर झीज वाढेल," श्रीमंतराव शांतपणे म्हणाले. "दाखल्यात साठ वर्षं आहेत. एकसष्ट झाली, तर दाखला खोटा पडतो."

बाबाजान टेबलावर वाकले. बराच वेळ त्यांनी नव्या वाद्याचा उडालेला रंग न्याहाळला. "ह्यानं बास वाजवलीच न्हाई. कोपर हितं टेकतंय, ह्यानं तितं घासलंय. असं धरलं तर सूर लागत न्हाई, कंबर धरती."

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये," रोहिणीताई म्हणाल्या.

श्रीमंतरावांना मात्र काहीतरी सुचलं होतं. गिऱ्हाइकाला जास्त हॉर्सपॉवर सुचवताना येतो तसा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर आला. "असं करू. आम्हाला मालक हवाय, तुम्हाला मशीन. ही साठ वर्षं माझी, एवढं लिहून द्या. दर रविवारी या, तासभर वाजवा. निळीच वाजवा, आमची काही ना नाही. फक्त ती आम्ही नवी म्हणून नोंदवू. कधीही न वाजलेली."

"पण हे तर हयात आहेत," रोहिणीताई म्हणाल्या. "आपण आत्ताच उभे राहिलो."

"शोकसभा मागे घेता येते. ओंकार, लिही."

मी लिहिलं. खोटं लिहितो आहे असं मला वाटलं नाही. वाक्य चांगलं जमत होतं, आणि जमलेल्या वाक्यासमोर मी नेहमीच मान खाली घालत आलो आहे.

"आधी लावून बघू का?" बाबाजाननी विचारलं.

"बघा की. मोटर चालवून दाखवल्याशिवाय मीसुद्धा पंप विकत नाही."

बाबाजाननी वायर जोडली, बटण फिरवलं आणि सर्वांत जाड तार मोकळीच छेडली.

तो आवाज कानांत आला नाही. तो आधी टेबलात आला, मग खुर्च्यांत, मग आमच्या बरगड्यांत. खिडकीच्या काचा बारीक थरथरल्या. आयेशा फरशीवर बसली आणि तिने दोन्ही तळहात जमिनीला टेकवले. बाबाजान डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी वाजवत होते. जिथे बोट पोचत नव्हतं तिथे ते सूर सोडून देत होते, आणि त्या रिकाम्या जागाही चालीत बसत होत्या. आयेशाचे तळहात फरशीवरून हलले नाहीत.

ते थांबले.

"छान आहे," रोहिणीताई म्हणाल्या. "पण आवाज जरा नवा वाटतो."

मी कागद आणि पेन पुढे केलं. "बाबाजान, सही इथे. दर रविवारी दहाला येता ना?"

त्यांनी वायर काढून नीट वेटोळी केली आणि अॅम्प्लिफायरवर ठेवली. गोधडीची चारही टोकं निळ्या रंगावर घेतली. आयेशाने एक बाजू उचलली, त्यांनी दुसरी, आणि पेन तसंच माझ्या हातात राहू देऊन ते जिना उतरू लागले.