चिखलदऱ्याची हवा

शकुनचा खोकला दसऱ्याला सुरू झाला आणि दिवाळी सरली तरी थांबेना. आठ वर्षांची पोर खोकता खोकता वाकून जाई आणि मग डोळ्यांत पाणी घेऊन आईकडे बघत बसे. काढे झाले, मध-हळद झाली, अंगारे झाले. शेवटी वैद्य कंटाळून म्हणाले, "या घरात हवा कुठं हाय? जिकडं पाहावं तिकडं कापूस. पोरीले थोडे दिवस डोंगरावर न्या."

खोटं नव्हतं ते. अमरावतीच्या कापसाच्या बाजारामागे नत्थुजींनी नवं दुमजली घर बांधलं होतं, आणि त्याच्या खालच्या खोल्या छतापर्यंत कापसाने भरलेल्या असत. तूस उडून जेवणाच्या ताटात बसे. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या बैलांनी वखर चालवणाऱ्या नत्थुजींना आता लोक शेठ म्हणत. त्यांची बायको सुभद्रा माहेरी अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात गेली, की गल्लीतल्या बाया तिचा हात धरून पाटल्या निरखत. तिला ते आवडे, आणि आवडतं याची थोडी लाजही वाटे. कापूस वेचून तिच्या बोटांना पडलेल्या चिरा अजून पुरत्या बुजल्या नव्हत्या.

"चिखलदऱ्याले जाऊ," नत्थुजी म्हणाले. "परतवाड्याच्या छावणीतल्या एका साहेबाचा बंगला हाय तिथं. खानसाम्याशी बोलणं झालं माहं."

"पौषात? डोंगरावर?"

"उन्हाळ्यात साहेबच राह्यते तिथं. आपल्याले कोण ठेवीन? आता बंगला रिकामा हाय."

पोरीसाठी जायचं होतं हे खरं. पण साहेबाच्या बंगल्यात राहून आलो हे बाजारात सांगता येईल, हेही त्यांच्या मनात होतं, आणि सुभद्राला ते कळत होतं.

परतवाड्यापर्यंत ते छकड्याने गेले. पुढे घाट होता. नत्थुजी आणि सुभद्रा तट्टांवर बसले आणि शकुनला डोलीत घातलं. डोली उचलायला मोती आणि भुरा हे दोघे कोरकू भाऊ ठरवले होते. मोती थोरला, तिशीतला, बोलका. अंगावर एक पंचा आणि खांद्यावर डोलीच्या दांड्याखाली घडी करून ठेवलेलं फाटकं कांबळं, एवढंच त्याचं पांघरूण. शकुनला चढ उभा लागला की भीती वाटे. मग मोती चालता चालता पाखरांचे आवाज काढून दाखवी.

"हा कोण, सांग बाई?"

"मोर!"

"मोर नाही, रानकोंबडा. मोर असा वरडते," असं म्हणून तो ओरडे, आणि दरीतून खराच मोर उत्तर देई. शकुन खदखदून हसली. अर्ध्या घाटात सुभद्राच्या लक्षात आलं, की पोर बराच वेळ खोकलेली नाही.

बंगल्याचा खानसामा अब्दुल सत्तार फाटकात उभा होता. म्हातारा होता. त्याने नत्थुजींना सलाम केला, पण त्याचा चेहरा काही खुललेला नव्हता.

"शेठ, तुम्ही आले ते ठीक. पण या दिवसांत इथं कोणी राहत नाही. पहाटे हंड्यातलं पाणी जमून बर्फ होते."

"आमी शेतातले माणसं हाओ," नत्थुजी हसून म्हणाले. "थंडी काय नवी हाय आमाले?"

पहिले दोन दिवस छान गेले. दुपारी ऊन पडे, समोर गाविलगडाची तटबंदी दिसे, गवळणी दूध आणि खवा घेऊन येत. नत्थुजी साहेबाच्या खुर्चीत बसून दरीकडे बघत. तट्टूवाला जनावरं घेऊन खाली परत गेला होता, पण डोली उतरवायची म्हणून मोती आणि भुरा थांबले होते. मागच्या पडवीत लाकडं पेटवून ते तिथेच निजत. घरच्यांच्या खोलीत भिंतीत बांधलेली शेगडी होती, तिचा धूर धुराड्याने वर जाई. सुभद्राला अशी शेगडी नवी होती. खोलीत आग आणि धूर नाही, याचं तिला मोठं नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी अब्दुल सत्तार सामान आणायला परतवाड्याला उतरला, आणि दुपारीच आभाळ भरून आलं. पाऊस सुरू झाला, गारांसारखा थंड, आणि वारा असा की पडवीत लाकूड पेटेना. दिवेलागणीला सुभद्रा मागे गेली. दोघे भाऊ भिंतीला चिकटून बसले होते. भुराचे दात वाजत होते. मोती तिला बघून हसला, पण त्याच्या ओठांवर निळी झाक आली होती.

ती आत आली. "त्याइले आतमंदी घेते. कोठीत झोपतीन."

नत्थुजींनी कपाळाला आठी घातली. "आपल्या खोलीच्या बाजूले?"

"मरतीन ते बाहेर."

कोठीची खोली घराच्या मधोमध होती, साहेबाची भांडी आणि दाणापाणी ठेवायची. तिला एकच दार आणि वर हातभर झरोका. सुभद्राने स्वयंपाकघरातली मोठी शेगडी कोळशांनी गच्च भरली, निखारा फुलवला आणि मोतीकडून ती आत ठेववली. झरोक्यातून वारा भस्सकन येत होता. तिने तिथे एक पोतं दुमडून कोंबलं. दोघांना भाकरी आणि ऊन पिठलं दिलं, आपली एक जुनी गोधडी दिली.

"बाई," मोती म्हणाला, "असं कोणी करत नाही."

"झोपा आता. दार लावून घ्या, नाहीतर ऊब राह्यत नाही."

त्या संध्याकाळी तिला स्वतःबद्दल बरं वाटलं. पुढे आयुष्यभर तिला हे आठवत राहिलं, की तिला बरं वाटलं होतं.

सकाळी पाऊस थांबला होता. ती दूध तापवून दोन वाट्या घेऊन कोठीशी गेली. दाराला बाहेरून कडी होती. ती तिने लावलेली नव्हती. मग वाट्या खाली ठेवून तिने कडी काढली. दार ढकललं तर ते उघडेना, काही तरी आडवं पडलं होतं. तिने खांदा लावला.

आडवा होता तो भुरा. उंबऱ्याशी दाराखाली बोटभर फट होती, तिथे तोंड लावून तो पालथा पडला होता. त्याच्या घशातून घरघर येत होती. मोती पलीकडे भिंतीला टेकून बसला होता. त्याने भुरासाठी अंथरलेली गोधडी तशीच रिकामी पडली होती. त्याचे गाल लाल दिसत होते, जिवंत माणसासारखे, नुकत्या शेकलेल्या माणसासारखे. म्हणून तिने त्याला हाक मारली, दोनदा मारली, मग हात लावला.

नत्थुजी धावत आले. दोघांनी मिळून भुराला ओढत अंगणात आणलं. त्याला वांती झाली, डोळे उघडले, पण तो काय बघतोय ते कळेना.

"कडी कोणं लावली?" सुभद्राने विचारलं.

"मीच लावली."

"काहून?"

"काहून म्हणजे? परके माणसं. पोरगी घरात, तुह्या अंगावर सोनं."

"बाहेरून लावली?"

"मंग आतून लावू?" ते ओरडले, आणि लगेच त्यांचा आवाज बसला. "मले काय माहीत होतं, सुभद्रे? मले काय माहीत?"

तिला काही तरी आठवलं. झोपेत तिने ठोकल्याचा आवाज ऐकला होता. वाऱ्याने खिडकीचं दार आपटतंय, असं वाटून तिने शकुनच्या कानावर पांघरूण ओढलं होतं.

अब्दुल सत्तार उन्हं वर आल्यावर पोचला. त्याने कोठीत डोकावलं, शेगडी पाहिली, झरोक्यातलं पोतं ओढून काढलं आणि तिथेच मटकन बसला. "बंद खोलीत कोळसा," तो म्हणाला. "या खुदा. यात धूर दिसत नाही, पण मारून टाकते."

खालच्या ढाण्यातून, म्हणजे मोतीच्या वस्तीतून, माणसं आली. मोतीची बायको सुगंती त्यांच्यात होती. ती रडत नव्हती. नवऱ्याच्या गालांकडे ती बघत राहिली, बहुधा सुभद्रासारखंच तिलाही तो जिवंत आहे असं वाटलं असावं. वस्तीचा म्हातारा पाटील नत्थुजींपुढे उभा राहिला.

"कसा मेला?"

"थंडीनं," नत्थुजी म्हणाले. "रात्री लय थंडी होती."

"थंडीत जन्म गेला त्याचा," म्हातारा म्हणाला.

सुभद्रा पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने सावरला. "थंडीनं नाई. कोळशाची शेगडी मी ठेवली. झरोका मी बुजवला. मले वाटलं ऊब राहीन." तिने श्वास घेतला. "अन् बाहेरून कडी लावली होती. यायनं लावली."

नत्थुजींचा चेहरा पांढरा पडला. ते लोक आता अंगावर येतील, असं त्यांना वाटलं असावं, कारण ते दोन पावलं मागे सरले. पण कोणी हात उचलला नाही. म्हाताऱ्याने अंगणात बसलेल्या भुराकडे पाहिलं, मग कोठीच्या दाराकडे.

"कडी लावून जनावर ठेवते," तो म्हणाला. "तुमची डोली आता कोणी उचलणार नाही."

मोतीला त्यांनी वस्तीबाहेर पुरलं. सुभद्रा मागून गेली आणि लांब उभी राहिली. माती लोटायच्या आधी तिने आपली लोकरीची शाल खड्ड्यात ठेवली. सुगंती वाकली, शाल उचलली आणि तिच्या हातात परत दिली. रागाने नव्हे, जशी कोणाची विसरलेली वस्तू द्यावी तशी.

घाट ते चालत उतरले. नत्थुजींनी शकुनला पाठीवर घेतलं होतं. निसरड्यावरून दोनदा ते गुडघ्यावर पडले, पण पोरीला खाली टेकू दिलं नाही. सुभद्रा गाठोडं घेऊन मागून चालत होती.

"मोती काहून नाई आला?" शकुनने विचारलं.

"त्याले काम हाय," नत्थुजी म्हणाले.

शकुनने मोराचा आवाज काढून पाहिला. तिला तो साधला नाही.

मोती मेल्याची बातमी आधीच खाली पोचली होती; परतवाड्याच्या नाक्यावर हवालदाराने चौकशी केली. नत्थुजी म्हणाले, थंडीने मेला. हवालदाराने मान डोलावली. जंगलातली माणसं, अंगावर धड कपडा नसतो, मरणारच. सुभद्रा म्हणाली, "थंडीनं नाई मेला तो." हवालदाराने नत्थुजींकडे पाहिलं.

"बाईचं मन हललं हाय," ते हळूच म्हणाले. "प्रेत पाह्यलं तिनं."

तेवढ्यावर ते संपलं.

शकुनचा खोकला फाल्गुनात गेला. तो डोंगराने गेला की ऋतू पालटल्याने, कोण सांगणार? नत्थुजी बाजारात सांगत, चिखलदऱ्याची हवाच तशी. बंगल्याच्या काचेच्या खिडक्यांचं, धुराड्याच्या शेगडीचं वर्णन करत. आणखी कशाचं करत नसत. सुभद्रा त्यांना जेवायला वाढी, विचारलं तर उत्तर देई. पण ते निजायच्या खोलीत आले की ती उठून शकुनच्या खोलीत जाई आणि दार सताड उघडं ठेवून झोपे, भर थंडीतसुद्धा. नत्थुजींनी एकदा विचारलं, "किती दिवस असं?" ती आपली गोधडी उचलून शकुनच्या खोलीत गेली, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एका दिवाळीला ते ओसरीवर एकटेच बसून रडताना तिला दिसले. तिला वाटलं, जवळ जावं. ती गेली नाही.

पुढल्या हिवाळ्यात नात्यातल्या लग्नासाठी ती परतवाड्याला गेली. बाजारात एक माणूस लाकडाची मोळी विकायला बसला होता. मान एका बाजूला कललेली, एक हात थरथरत होता. जवळ गेल्यावर तिने ओळखलं. तो भुरा होता.

तिला वाटलं, तो ओळखणार नाही. पण त्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं.

"सुगंती कशी हाय?" तिने कसंबसं विचारलं.

"गेली. सेमाडोहकडं. दुसऱ्या घरात." शब्द त्याला एकेक करून शोधावे लागत होते. मग त्याने विचारलं, "पोरगी? बरी हाय?"

"बरी हाय," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, चांगलं झालं असं म्हटल्यासारखी. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि मोळीला हात लावून ती ओली आहे म्हणू लागलं. भुरा त्याच्याशी बोलायला वळला. सुभद्रा तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग लग्नघरातल्या बायकांनी तिला हाक मारली, आणि ती गेली.